बाळंतविड्यातली गोधडी: कापड कुणाचं, टाके किती, गाठ कुठे

बाळंतविडा आता दुकानात तयार मिळतो. पारदर्शक डबा, आत झबलं-टोपडं, मोजे, एक चिमुकली उशी आणि वर रिबिनीचं फूल. लांबच्या ओळखीत तोच बरा, उगाच कुणाच्या डोक्याला ताप नाही. पण घरातल्या घरात, आजीने नातवंडाला किंवा आत्या-मावशीने भाचरांना द्यायचं असेल, तर त्यात एक तरी हातची वस्तू हवी असं बऱ्याच घरांत अजून मानतात. आणि ती बहुतेक वेळा गोधडीच असते.

हाताने केली म्हणून वस्तू आपोआप चांगली होत नाही, हे मात्र आधीच सांगायला हवं. गाठी पाठीला टोचतात, लाल काठाचा रंग दुपट्यांना लागतो, पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाही, अशी गोधडी बाळाची आई दोनदा वापरते आणि माळ्यावर टाकते. मग ‘एवढ्या हौसेने शिवली, सूनबाई वापरतच नाही’ ही कुरकुर सुरू होते. दोष सुनेचा नसतो. बाळाची गोधडी ओली होण्यासाठी, रोज धुतली जाण्यासाठी आणि शेवटी विरून जाण्यासाठी शिवायची असते. ती तशी वापरली गेली तरच दिल्यासारखी. म्हणून पुढे बहुतेक कापड, दोरा आणि टाके यांबद्दलच लिहिलं आहे. नात्यागोत्याचं जे आहे ते त्यातच येतं, कारण गोधडीतला पहिला प्रश्न असतो: कापड कुणाचं?

कापड कुणाचं

जुनी सुती साडी किंवा लुगडं, आणि आजोबांचं धोतर. याहून चांगलं कापड बाजारात पैसे देऊन मिळत नाही. शेकडो धुण्यांनी त्यातली खळ गेलेली असते, जायचा तो बहुतेक रंग गेलेला असतो आणि आटायचं तेवढं आटून झालेलं असतं. धोतर तर आतल्या थरासाठी सगळ्यात उत्तम: पांढरं, मऊ, रंग सुटायची भीती नाही. शिवाय गोधडीत आजोबांचाही वाटा पडतो, नाहीतर ही सगळी बायकांचीच वस्तू होऊन बसते. बाबांचे जुने सुती सदरेही चालतात. कॉलर, खिसे, बटणपट्टी आणि शिवणीचे जाड भाग मात्र काढून टाकायचे. गोधडीत आत कुठेही शिवण आली की तिथे उंचवटा येतो, आणि सुई तिथेच मोडते.

विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही. कपाटात तळाला पडलेली साडी ‘जुनी’ आहे असं आपल्याला वाटतं. जिची असते तिच्या मनात तिचा पक्का हिशेब असतो. माहेर आणि सासर दोन्हीकडचं कापड घेतलेलं चांगलं, पण मग वरचा थर कुणाचा यावरून रुसवेफुगवे होतात. यावर सोपा तोडगा म्हणजे एक बाजू एका आजीच्या साडीची, दुसरी बाजू दुसऱ्या आजीच्या. गोधडीला उलट-सुलट बाजू नसतेच, दोन्हीकडून पांघरता येते. मधले थर कुणाचे का असेनात.

घरातल्या गेलेल्या माणसाची साडी बाळाला घालावी का, याचं सरसकट उत्तर नाही. काही घरांत ती मुद्दाम शोधून काढतात, काही घरांत अजिबात चालत नाही. बाळाच्या आईला आधी विचारावं, शिवून झाल्यावर आश्चर्याचा धक्का देऊ नये. आणि ती शेवटचीच साडी उरली असेल तर पदर आणि साधारण वारभर कापड बाजूला काढून ठेवायचं. पुढच्या नातवंडाच्या वेळी लागतं.

पारख

कापड नक्की सुती आहे का, हे हाताला नेहमीच कळत नाही. कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवायचा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि गार झाल्यावर टणक मणी उरतो. मणी दिसला की ती साडी बाद, कितीही मऊ असली तरी. ती पाणी शोषत नाही, बाळाला घाम येतो, आणि सुती थरांबरोबर शिवली की ती सरकत राहते, त्यामुळे टाके ओढले जातात.

इरकलीचं अंग सुती असेल तर झकास, पण पदर आणि काठ बहुतेक वेळा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचे असतात. ते उसवून बाजूला ठेवायचे. जरीचा धागा कुठल्याही साडीचा असो, बाळाच्या गोधडीत नको: तो सुटला की टोचतो. पैठणीची गोधडी हा प्रकार अलीकडे दिसतो, तो दिवाणावर घालायला ठीक. बाळाने त्यावर दूध काढलं की सगळ्यांची धावपळ.

रंगाची परीक्षा अशी: कापडाचा कोपरा ओला करायचा, त्यावर पांढरा ओला रुमाल ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री दाबून धरायची. रुमालावर डाग उमटला तर ते कापड अजून रंग सोडतंय. गडद लाल, गडद हिरवा, निळा यांच्याबाबत हे करायलाच हवं. अशी साडी दोन-तीनदा मिठाच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो, असं घरोघरी सांगतात. मिठाने वरवरचा सुटा रंग थोडाफार निघून जातो इतकंच, पक्का होत नाही. परत परीक्षा घ्यायची, आणि परत डाग आला तर ती साडी मोठ्यांच्या गोधडीला.

जीर्णपणा पाहायला कापड उजेडासमोर धरायचं. साडीची सगळी लांबी सारखी विरत नाही: बसण्याचा भाग आणि पायाशी घासणारी खालची कड आधी जाते, निऱ्यांचा वरचा भाग टिकतो. दोन्ही अंगठ्यांनी धरून हलका ताण द्यायचा. ‘टर्र’ असा आवाज न होता कापड नुसतं उलगडल्यासारखं सुटलं तर ते कुजलंय. थोडं विरलेलं कापड आतल्या थरात चालतं, कारण दोन्ही बाजूंचे थर त्याला सांभाळतात. कुजलेलं कुठेच चालत नाही.

नवीन कापड एखाद्या थरात घ्यायचंच असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यायचं, तेही दोनदा. नवं सुती कापड आटतं, जुनं आटत नाही. न आटलेलं नवं कापड वर लावलं की पहिल्याच धुण्यात ते आखडतं आणि आतल्या थरांना चुण्या पडतात. त्या पुन्हा निघत नाहीत.

हिशेब

बाळाची गोधडी तयार झाल्यावर साधारण १ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असली की पुरते. पाचवारी साडी सुमारे साडेपाच मीटर लांब आणि साधारण सव्वा वार रुंद असते. म्हणजे तिचे १ मीटर १० सेंटिमीटरचे पाच तुकडे निघतात, एकाच साडीत पाच पदरी गोधडी. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते, तिचे सात तुकडे. वरचे दहा सेंटिमीटर वाया जात नाहीत: कडा दुमडायला काही लागतात आणि टाक्यांनी गोधडी चारही बाजूंनी थोडी आत ओढली जाते.

तुकडे कात्रीने कापण्यापेक्षा फाडलेले बरे. कडेला छोटी चीर देऊन हाताने सरळ फाडलं की कापड आडव्या धाग्यावरच फाटतं आणि तुकडा काटकोनात येतो. कात्रीने डोळ्याच्या अंदाजाने कापलेला तुकडा तिरका असतो आणि ते शेवटच्या कोपऱ्यावर पोचल्यावर समजतं.

थर किती घ्यायचे हे बाळ कुठे आणि कधी जन्मणार आहे त्यावर. मुंबईत आणि कोकणात तीन पुरेत. पुण्या-नाशकाच्या थंडीत चार ते पाच. नागपूरकडे डिसेंबरात जन्मणाऱ्या बाळाला पाच. पाच पदरी गोधडी कोरडी असताना अर्ध्या किलोच्या आसपास भरते आणि भिजली की सहज दुप्पट होते. जुलै-ऑगस्टमध्ये ती घरातल्या दोरीवर वाळत नाही, आतल्या थरांना कुबट वास धरतो, मग बुरशीचे काळे ठिपके. पावसाळ्यातल्या बाळाला एक जाड गोधडी देण्याऐवजी त्याच साडीच्या दोन पातळ, दोन-दोन पदरी द्याव्या. दिसायला भेट लहान दिसते, पण बाळाची आई दुवा देते.

अंथरणी आणि कच्चा टाका

शिवण्यापेक्षा अंथरण्यात गोधडी जास्त बिघडते. स्वच्छ फरशीवर सगळ्यात खालचा तुकडा पसरायचा आणि चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. हा तुकडा बाकीच्यांपेक्षा प्रत्येक बाजूला ३ सेंटिमीटर मोठा हवा (बाकीचे तेवढे कमी करून घ्यायचे), तोच पुढे वर दुमडून गोट, म्हणजे कडेची पट्टी, होतो. मधले थर आलटून पालटून उभे-आडवे लावायचे, कारण सुती कापड एका दिशेने जास्त ताणतं आणि सगळे थर एकाच दिशेने असले की गोधडी धुता-धुता लांबट होत जाते. प्रत्येक थर घातल्यावर मधून कडांकडे हात फिरवून हवा आणि चुण्या बाहेर काढायच्या. आतल्या थरात राहिलेली चुणी नंतर बोटाला लागते, पण काढता येत नाही.

मग कच्चा टाका. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, बोटभर लांब टाक्यांनी, मधून सुरुवात करून आधी अधिकचं चिन्ह, मग दोन्ही कर्ण, मग दर १५ सेंटिमीटरवर एक ओळ. याला तास-दीड तास जातो आणि म्हणूनच बहुतेक जण टाळतात. टाचण्यांवर भागवू नये. बाळाच्या वस्तूत एक जरी टाचणी राहून गेली तरी काय होईल ते सांगायला नको. टाचण्या वापरल्याच तर आधी मोजून घ्यायच्या आणि नंतर मोजून परत डबीत टाकायच्या.

टाके

टाका साधा धावदोरा. वर अर्धा सेंटिमीटर, खाली अर्धा सेंटिमीटर. दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर ठेवलं तर १ मीटरच्या गोधडीत पन्नास ओळी होतात, ओळीत शंभर टाके, म्हणजे एकूण पाच हजार टाके. हात बसलेला असेल तर मिनिटाला दहा-बारा टाके होतात आणि सगळं काम आठ तासांच्या आसपास आटपतं. नव्या हाताला याच्या दुप्पट धरावेत. एका बैठकीत दीड तासापेक्षा जास्त बसू नये. मान तर धरतेच, पण थकलेल्या हाताचे टाके लांब होत जातात आणि गोधडीवर ते स्पष्ट वाचता येतं.

टाक्याची लांबी ही नुसती शोभेची बाब नाही. लांब, सैल टाक्यात बाळाची बोटं अडकतात. मागच्या बाजूचा टाकाही सहा-सात मिलिमीटरपेक्षा मोठा नको, म्हणून सुई सगळ्या थरांतून खाली गेली का, हे डाव्या हाताच्या बोटाने दर टाक्याला चाचपायचं. उलट दोरा फार आवळला तर कापड गोळा होतं आणि गोधडी कडक होते. ओळ पूर्ण झाली की तिच्यावरून अंगठा दाबून फिरवायचा, म्हणजे ताण सारखा होतो.

दोरा सुतीच घ्यायचा. नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा मजबूत असतो, त्यामुळे ओढ बसली की दोरा तुटत नाही, कापड चिरतं. तुटलेला दोरा परत घालता येतो. दोरा हातापासून कोपरापर्यंत, साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर. सारखं सुई ओवायला नको म्हणून लांब घेतला की तो पिळतो, गाठी पडतात आणि दर टाक्याला कापडातून घासून शेवटी पिंजतो. सुई ५ किंवा ६ नंबरची. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे दुकानात सांगताना उलटं होतं. पाच थरांतून सुई ढकलायची तर मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे शिवणकामाची धातूची टोपी, हवंच.

ओळी कशा घालायच्या याच्या दोन पद्धती. एक, कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्या मारत मध्यापर्यंत येणं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी लोक त्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, अशीच कडेकडून आत शिवत नेतात, आणि शेवटचा तुकडा बंद करण्याआधी आत धान्याचे दाणे ठेवण्याची त्यांच्यात रीत आहे. ही पद्धत दिसायला सुंदर, कोपरे भक्कम होतात. पण थरांतलं जादा कापड पुढे-पुढे सरकत मध्यावर जमतं आणि तिथे झोळ येतो. कच्चा टाका नीट नसेल तर या वाटेला जाऊ नये. दुसरी पद्धत सरळ ओळींची. यात मधली ओळ आधी घालून दोन्हीकडे बाहेर जायचं, आणि एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून. सगळ्या ओळी एकाच बाजूने घातल्या की वरचा थर दर ओळीला किंचित एकीकडे सरकतो आणि शेवटी गोधडी तिरपी होते.

मशीनवर शिवलेली गोधडी लवकर होते, पण जुन्या कापडाला ती मानवत नाही. मशीनची टीप एकमेकांना लागून भोकं पाडते आणि विरलेलं कापड त्या रेषेवरून पोस्टाच्या तिकिटासारखं सुटतं. मशीन हवंच असेल तर फक्त गोटाला, आणि टीप मोठी ठेवून.

गाठ कुठे

गाठ वर दिसली नाही पाहिजे आणि खालीही लागली नाही पाहिजे. बाळ पाठीवर असतं तेव्हा टोचते, पालथं पडायला लागलं की गाठ नेमकी तोंडात जाते. सुरुवातीला जिथे पहिला टाका घालायचा तिथून दोन-तीन सेंटिमीटर लांब, फक्त वरच्या थरातून सुई घालायची, टाक्याच्या जागी बाहेर काढायची आणि दोरा हलक्या झटक्याने ओढायचा. ‘टक’ आवाज होऊन गाठ आत शिरते आणि दोन थरांमध्ये राहते. झटका जोरात बसला तर गाठ टाक्याच्या जागी पुन्हा बाहेर येते. तेव्हा घाई करू नये, एकदोन वेळा फालतू कापडावर करून पाहावं. दोरा संपताना गाठ मारायचीच नाही: त्याच जागी दोन उलटे टाके घालून सुई थरांमधून तीन-चार सेंटिमीटर फिरवायची आणि दोरा कापडाशी कापायचा. उरलेलं टोक आत जातं.

कडेला खालच्या तुकड्याचे जादा ३ सेंटिमीटर दोनदा दुमडून वर घ्यायचे आणि बारीक हातशिलाई करायची. कोपऱ्यात आधी तिरकी घडी, मग दोन्ही बाजू, म्हणजे जाडी एकाच ठिकाणी जमत नाही. कोपऱ्यांना गोंडे, मणी, घुंगरू, लेस काहीही लावू नये. फोटोत छान दिसतात, दात येताना बाळ तेच उपटतं.

नावाचा प्रश्न गमतीचा आहे. गोधडी शिवताना बाळाचं नाव ठरलेलं नसतं, आणि ठरलेलं असलं तरी बारशाआधी आत्याच्या तोंडून ते निघायचं नसतं. म्हणून एका कोपऱ्यात तळहाताएवढा साधा पांढरा तुकडा लावून रिकामा ठेवायचा. त्याच्या कडा ६ मिलिमीटर आत दुमडायच्या, नाहीतर दोन धुण्यांत सुतं निघतात. बारसं झालं की पेन्सिलने नाव लिहून साखळी टाक्याने भरायचं. अक्षरं अडीच सेंटिमीटर उंच असली तर काना-मात्रा नीट उठतात, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, एका सलग ओळीत. मागच्या बाजूला लहान अक्षरांत कापड कुणाचं, शिवलं कुणी आणि साल, एवढं दोऱ्यानेच लिहून ठेवावं. शाई टिकत नाही. वीस वर्षांनी ‘ही हिरवी कुठल्या आजीची गं?’ यावर घरात तीन मतं असतात.

शिवून झाल्यावर कच्चा टाका काढायचा, पूर्ण गोधडीवर दोन्ही बाजूंनी उघडा तळवा दाबून फिरवायचा, राहिलेली सुई किंवा टाचणी कळते. मग सौम्य साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवून मगच द्यायची. नव्या गोधडीला घडी घालून, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवायची सवय काहींना असते. बाळाच्या कपड्यांजवळ त्या गोळ्या मुळीच नकोत, त्यांची वाफ लहान बाळांना घातक असते.

बाकीचा विडा

गोधडी एक पुरते, दुपटी मात्र आठ-दहा लागतात, आणि त्यात कलाकुसर वाया जाते. जुन्या साडीचे दोन थर, कडेला शिलाई, संपलं. झबल्याला मागे किंवा बाजूला नाड्या हव्यात, बटणं नकोत. पहिल्या महिन्यासाठी शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवल्या तर कातडीला घासत नाहीत. लांबी २८ ते ३० सेंटिमीटर, छातीचा घेर ४५ ते ४८. यापेक्षा बेताचं शिवलं तर दोन आठवड्यांत हात आत जात नाही.

कुंची करणं दिसतं त्याहून सोपं. ४० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब तुकडा उभा मधोमध दुमडायचा, वरची कड शिवून टाकायची, की टोपी तयार. वरून १८ सेंटिमीटरवर मानेच्या मागे चार-पाच चुण्या घ्यायच्या आणि तिथेच दोन्हीकडे नाड्या. उरलेला भाग पाठीवर झुलतो. खणाची कुंची शिवायची तर आत मलमलीचं अस्तर हवंच, खण कानाला घासतो. नाडी फक्त गाठ मारण्यापुरती, १५ सेंटिमीटरच्या वर नाही, आणि कुंची घालून बाळाला झोपवायचं नाही, नाडी गळ्याशी येते.

विणलेल्या स्वेटरात सगळ्यात मोठी चूक मापाची नसून महिन्याची असते. एप्रिलमध्ये जन्मलेल्या बाळाला नवजाताचा स्वेटर देऊन उपयोग काय? त्याला थंडी लागेल ती आठव्या-नवव्या महिन्यात, तेव्हाचं माप विणा. दहा किंवा अकरा नंबरच्या सुया, चार पदरी लोकर. खरी लोकर बऱ्याच बाळांना खाजते, सुती धागा महाराष्ट्रातल्या थंडीला पुरेसा आहे. मोजे आणि हातमोजे विणलेच तर उलटे करून तपासा: आत सुटलेला एखादा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्त अडू शकतं. बाळ रडत राहतं आणि कारण मोज्यात असल्याने कुणाला दिसत नाही. माझ्या मते हातमोजे देऊच नयेत. नखं कापावीत.

कधी सुरू करायची, कशी द्यायची

काही घरांत डोहाळजेवण झालं की शिवायला बसतात. काही घरांत बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी काही शिवायचं नसतं. तिथे वाद घालू नये. साड्या निवडणं, धुणं, फाडून ठेवणं एवढं आधी करता येतं, ते कुणाच्या नावाचं नसतं. बाळ झाल्यावर बाराव्या दिवशीच्या बारशापर्यंत पाच हजार टाके उरकायचे म्हणून घाईने लांब टाके घालण्यापेक्षा बारशाला दुपटी आणि कुंची द्यावी, गोधडी सव्वा महिन्याला.

देताना दोन गोष्टी. पहिली भावंडांची. थोरल्या मुलाकडच्या नातवाला पाच पदरी, नाव भरलेली, आणि धाकट्याकडच्या नातीला हात थकले म्हणून दोन पदरी, असं झालं की जावा-जावा ते विसरत नाहीत. थकायचं वय असेल तर पहिलीच गोधडी साधी करावी, म्हणजे पुढच्यांना तशीच देता येते. किंवा अंथरणी आणि कच्चा टाका आजीने करावा, ओळी आत्या-मावशीने वाटून घ्याव्यात. वेगवेगळ्या हातांचे टाके वेगळे दिसतात, दिसू द्यावेत.

दुसरी झोपेची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा, स्पष्ट सल्ला आहे की पहिलं वर्षभर बाळाच्या झोपायच्या जागेत सैल पांघरूण, उशी, गोधडी काही नको, टणक सपाट गादीवर बाळ पाठीवर निजवावं. तिकडे राहणारी लेक किंवा सून म्हणून पाळण्यात गोधडी घालत नाही. तो आपल्या टाक्यांचा अपमान नव्हे, आणि इथेही तो सल्ला तेवढाच खरा आहे. गोधडीला दिवसभरात दुसरी पुष्कळ कामं असतात: जमिनीवर पालथं पडायला, मांडीवर घ्यायला, तेल लावताना खाली, दवाखान्यात नेताना. तिथे कुणाचं तरी लक्ष असतं. पाळण्यात घालायची ती वर्षानंतर. तेव्हा १ मीटरची गोधडी आखूड पडायला लागते, मग चारही बाजूंना एका वितीच्या पट्ट्या तेवढ्याच थरांच्या करून जोडाव्यात. जोड जुन्या गोटाच्या आत दोन बोटं घ्यायचा, नुसता गोटाला जोडला तर ओढीने गोट उसवतो.

वरचा थर विरला म्हणून गोधडी फेकायची नसते. विरलेल्या जागेवर ठिगळ लावायचं, तेही फाटायच्या आधी, चांगल्या कापडापर्यंत पोचेल एवढं मोठं. सगळाच थर गेला तर जुने टाके न उसवता त्यावर नवी साडी पसरायची आणि नवे टाके जुन्या ओळींच्या मधून घालायचे. जुन्याच ओळीवर घातले की तिथलं कापड चाळणी होतं. असे दोन थर चढले की गोधडी बाळाला जड होते, ती मोठ्यांकडे जाते. पुढच्या बाळासाठी तिच्या कडेचा चांगला राहिलेला भाग कापून नव्या गोधडीत मधला थर म्हणून घालता येतो. फक्त तो तुकडा बाकीच्या थरांएवढाच लांब-रुंद हवा, लहान पडला तर त्याची कड आत जाणवत राहते. एवढा मोठा निघत नसेल तर त्याचं दुपटं करावं.